निगडे बाईंचं लिंबू

निगडे बाईंना गाडी लागते, हे आमच्या शाळेत पाचवीच्या पोरांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कारण त्यांच्या पर्समधलं लिंबू. मी भोरहून यायची, नसरापूरला गाडी बदलायची आणि वेल्ह्याच्या एसटीत खिडकीजवळची दोन माणसांची जागा धरून ठेवायची. बाई चढायच्या, बसायच्या, पर्स मांडीवर घ्यायच्या, आणि चेन उघडी असली की आत ते पिवळं लिंबू दिसायचं. वेल्ह्याच्या रस्त्याची वळणं ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना लिंबाचं कौतुक सांगायला नको. मीसुद्धा पहिल्या वर्षी दोनदा खिडकीतून डोकं बाहेर काढलेलं आहे.

फक्त दोन गोष्टी माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. एक, बाईंना लिंबाचा वास घेताना मी कधीच पाहिलं नव्हतं. आणि दोन, लिंबू फक्त शनिवारी असायचं.

ही दुसरी गोष्ट आमचे शिपाई धोंडिबामामा यांनी माझ्या आधीच हेरली होती. "शनिवारचं लिंबू म्हंजी काय ते तुमी समजून घ्या," असं ते मला एकदा घंटेजवळ दबक्या आवाजात म्हणाले. म्हणजे नजर उतरवणं, उतारा टाकणं, तसलं काहीतरी. मला हसू आलं. निगडे बाई आणि उतारा! भूगोल आणि विज्ञान शिकवणारी बाई, ग्रहणात मुद्दाम वर्गात डबा उघडून पोळीभाजी खाणारी. पण मामांना मी खोडूनही काढलं नाही. स्टाफरूममध्ये गप्पांना विषय लागतोच.

बाई दिसायला साध्या. सुती साडी, खांद्यावर पिन, केसांचा घट्ट अंबाडा, आणि त्या सगळ्याखाली डोंगर चढणाऱ्या पोरांसारखे जाड तळव्याचे बूट. साडीवर बूट घालणारी त्या रस्त्यावरची ती एकच बाई. कुणी हसलं तर म्हणायच्या, "पाय माझे आहेत, डोळे तुमचे आहेत. ज्यानं त्यानं आपलं सांभाळावं." बोलणं असं तोडून टाकणारं, पण पोरांवर हात उगारल्याचं मला आठवत नाही. पोरगं चुकलं की त्या फक्त गप्प बसायच्या आणि त्याच्याकडे बघत राहायच्या. बाईंचं बघणं फार वाईट, छडी परवडली, असं पोरं म्हणायची.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी त्यांची छत्री नेली, लाल पेन नेलं, की त्या म्हणायच्या, "पाणीसुद्धा उचललेलं ठेवल्याशिवाय पुढं जात नाही." मला ते वाक्य कळायचं नाही. कळलं ते त्यांच्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभी राहून.

त्या दिवशी नववीला गुहा शिकवणं चाललं होतं. पुस्तकात लवणस्तंभांचं चित्र होतं, कुठल्या तरी दूरच्या देशातलं. बाईंनी पुस्तक मिटलं आणि टेबलावर एक पांढरट पापुद्रा ठेवला, तळहाताएवढा, एका बाजूला गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला खरबरीत.

"हे कुठलं?" त्यांनी विचारलं.

"पाझराईचं!" अर्धा वर्ग ओरडला.

पाझराई म्हणजे शाळेमागच्या डोंगरातली एक कपार. वरच्या वाडीच्या डोक्यावर, माथ्याच्या जरा खाली. बाईंनी सांगायला सुरुवात केली. खरं तर आपल्या काळ्या दगडात चुना नावालाच, त्यामुळे असलं काही आपल्याकडे व्हायला नको. पण पाझराईच्या बरोबर वर माथ्यावर जुन्या काळचं मोठं टाकं आहे, सगळं चुन्यात बांधलेलं. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना मातीतला वायू उचलतं आणि किंचित आंबट होतं. आंबट पाण्याला चुना आवडतो. ते टाक्याच्या बांधकामातला चुना विरघळवून आपल्याबरोबर घेतं, दगडाच्या भेगांतून खाली उतरतं आणि कपारीत येतं. तिथं मोकळी हवा भेटली की पाण्यातला वायू उडून जातो. वायू गेला की पाण्याला चुना पेलवत नाही.

"मग ते काय करतं?"

"ठेवतं, बाई," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"ठेवतं. थेंब थेंब पडलं तर खांब होतो. भिंतीवरून पसरून ओघळलं तर चादर होते. एक पापुद्रा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. दुधावर साय धरते तशी. पुस्तकात खांबाला नाव आहे, या चादरीला नाही. आपण ओघळ म्हणू." मग त्यांनी पर्समधून लिंबू काढलं, कापलं, आणि त्या पापुद्र्यावर पिळलं. चर्र करून बारीक बुडबुडे आले.

"बाई, दगडाला फेस आला!"

"आत कोंडलेला वायू सुटला. पाण्यानं इतक्या पावसाळ्यांत जे लावलं, ते लिंबू दोन मिनिटांत सोडवतं." एवढं बोलून बाई पापुद्र्याकडे बघत राहिल्या. पोरं वाट बघत होती. घंटा झाली तरी त्या तशाच उभ्या होत्या.

मला वाटलं, सुटला एकदाचा लिंबाचा उलगडा. प्रयोगाचं लिंबू! मी धोंडिबामामांना ऐटीत सांगायला गेले. मामा म्हणाले, "नववीला पाझराई वर्साला एकदाच आसती बाई. लिंबू दर शनवारी आसतं." आणि मग मी भोरची, मला ठाऊक नसणार, म्हणून त्यांनी मला पाझराईचं ठेवणं काय असतं ते सांगितलं.

वरच्या वाडीत आणि आसपासच्या दोन-चार वस्त्यांत माणूस गेलं की दिवसकार्यं झाल्यावर घरातलं कुणीतरी त्याची एखादी रोजच्या वापरातली वस्तू घेऊन कपारीत जातं. विळा, चष्मा, बांगडी, काहीही. ती ओघळाखाली ठेवायची आणि मागं न बघता खाली उतरायचं. मग दर पावसाळ्यानंतर कुणीतरी जाऊन बघायचं. वस्तू दगडानं पुरती झाकली गेली की म्हणायचं, पाझराईनं पोटात घेतलं. मग ते माणूस सुटलं. मग त्याच्या नावानं रडायचं नाही. रडलं तर त्याला माघारी यावं लागतं.

"आन् झाकलं न्हाई तर?" मी मामांच्याच भाषेत विचारलं.

"झाकतंच की. दोन-तीन पावसाळं." मामा इकडे तिकडे बघून म्हणाले, "निगडे बाईंच्या मालकाचं तेवढं न्हाई झाकलं. लई वरसं झाली."

बाईंचे यजमान दुधाचा टेम्पो चालवायचे. वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून नसरापूरला पोचवायचे. एका पावसाळी सकाळी वळणावर रस्ता खचला आणि टेम्पो खाली गेला. लोकांनी त्यांना वर काढलं तेव्हा मनगटावरचं घड्याळ चालू होतं. तेच घड्याळ बाईंच्या सासूबाईंनी पाझराईला नेऊन ठेवलं होतं. ही माहिती मला शाळेत येऊन एवढे दिवस झाल्यावर शिपायाकडून कळली, याचं मला वाईट वाटलं. रोज मांडीला मांडी लावून बसायचो, आणि बाईंनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

घर मूळचं वरच्या वाडीचं, पण बाई आणि त्यांच्या सासूबाई नसरापूरला दोन खोल्यांत राहायच्या. एकदा नसरापूरला माझी भोरची गाडी चुकली, तेव्हा मागच्या एसटीनं उतरलेल्या बाई मला घरी घेऊन गेल्या. दाराशी पत्र्याच्या डब्यात लावलेलं लिंबाचं झाड, डबा फोडून मुळं जमिनीत गेलेली. आत आजी भिंतीला टेकून सुपारी कातरत होत्या. हातातला अडकित्ता जुना, पितळी, त्याच्या टोकाला मोराचं डोकं. आजींचे डोळे पार गेले होते, पण सुपारीचे तुकडे सगळे सारखे पडत होते. शनिवार होता. बाई उशिरा आल्या होत्या आणि बुटांना लाल माती होती.

"झाकलं का गं?" आजींनी विचारलं.

"अजून नाही, आत्या."

अडकित्ता थांबला, मग पुन्हा चालू झाला. बाई चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा आजी माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "लोकांची झाकत्यात. कालपरवा गेल्याली मान्सं सुटली. माज्याच इलासचं काय ऱ्हायलंय हितं, काय कळत न्हाई. कशात जीव आडकलाय त्याचा?" भाबड्या समजुती म्हणून घरी जाऊन सांगण्यासारखी गोष्ट होती, पण त्या खोलीत ती तशी वाटली नाही. मला वाटलं, कोपऱ्यात चौथं कुणीतरी बसलंय आणि त्याच्याचबद्दल बोलणं चाललंय.

पाझराईला मी पहिल्यांदा गेले ती माझ्याच हट्टानं. मी मुळात भित्री. राजगडावर नेलेल्या सहलीत मी पायथ्याच्या पालीतच चहाच्या टपरीवर बसून राहिले होते. पण आजींचा तो प्रश्न डोक्यातून जाईना. एका शनिवारी शाळा सुटल्यावर बाई बुटांची नाडी आवळत होत्या, तेव्हा मी म्हटलं, मी येते. त्यांनी माझ्या चपलांकडे बघितलं. "पडाल," म्हणाल्या. पण नको म्हणाल्या नाहीत.

वाटेत दोनदा पडले. कपार बाहेरून काहीच वाटत नाही, करवंदीच्या जाळीमागे एक काळं तोंड. आत वाकून गेलं की मात्र अंगावर गारवा येतो आणि कानात पाण्याचा आवाज. टॉर्चच्या उजेडात समोरची भिंत दिसली आणि मी बाईंचा दंड धरला. छतापासून जमिनीपर्यंत पांढरी, ओली, सुरकुत्या पडलेली चादर ओघळली होती. आणि तिच्या पायथ्याशी, जिथं ती जमिनीवर पसरली होती, तिथं एकापुढे एक उंचवटे. लहान, मोठे, लांबट, वाटोळे. कुठं विळ्याचा बाक ओळखू येत होता, कुठं काहीच नाही. लहान मुलं चादर ओढून झोपल्यासारखी ती सगळी माणसं तिथं होती, आणि कोण कुठलं हे सांगणारं आता बहुतेकांच्या घरात कुणी उरलेलं नसणार. मला ओरडून बाहेर पळावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू, पाय उचलले नाहीत म्हणून थांबले.

त्या सगळ्या पांढऱ्यात एकच गोष्ट चकाकत होती. स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ.

बाई गुडघ्यांवर बसल्या. पर्समधून लिंबू काढलं, छोटी सुरी काढली. अर्धं लिंबू घड्याळाच्या काचेवर घासलं, मग पट्ट्याच्या कड्याकड्यांतून. चर्र आवाज झाला, बारीक फेस आला, आणि आठवड्याभरात धरलेली पांढरी कड विरघळून गेली. मग त्यांनी पदरानं काच पुसली. काटे केव्हाचेच थांबलेले होते. सगळ्या कपारीत लिंबाचा वास भरून राहिला.

मला राग आला, फार राग आला. "बाई, आजी रोज रडतात," मी म्हटलं. "त्यांना वाटतं, मुलगा अडकलाय."

"ठाऊक आहे."

"आणि तुम्ही तर पोरांना शिकवता की हा नुसता चुना आहे म्हणून."

"चुनाच आहे. दुसरं काही नाही." त्यांनी लिंबाची सालं कागदात गुंडाळली. "पण एकदा झाकलं की आत्या म्हणतील, गेला. वाडी म्हणेल, गेला. त्यांचं नावसुद्धा कुणी काढणार नाही, रडायची चोरी. मग ते गेले नाहीत असं वाटणारी मी एकटीच राहीन. आता निदान दर शनिवारी घरात कुणीतरी त्यांच्याबद्दल विचारतं." मग म्हणाल्या, "घड्याळ चालू होतं हो, वर काढलं तेव्हा."

त्या वर्षी मी कितीतरी वेळा ठरवलं की आजींना सांगावं, आणि कितीतरी वेळा ठरवलं की हे आपलं काम नाही. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, निगडे बाईंना शनिवारचीच कशी हो गाडी लागते, की सगळ्यांबरोबर मीही हसायची.

पुढच्या दिवाळीनंतर आजींनी अंथरूण धरलं. जेवण तुटलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. आजींनी एकच धोशा लावला, मला पाझराईला न्या. बाईंनी पुष्कळ टाळलं. शेवटी आजींनी अन्नच सोडलं, तेव्हा वरच्या वाडीतल्या चौघांनी खुर्चीला बांबू बांधून डोली केली आणि आजींना वर चढवलं. मी बरोबर होते. बाईंचा चेहरा त्या दिवशी मला बघवत नव्हता. घड्याळ झाकलेलं नव्हतं. ते झाकलेलं नाही हे आजींच्या बोटांना एका क्षणात कळणार होतं. आणि गेलेल्या मुलाची सुटका झाली नाही हे मनात घेऊन ती म्हातारी खाली उतरणार होती.

माणसं बाहेर थांबली. आत आम्ही तिघी. आजींना दोघींनी धरून बसवलं. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला, आणि मी बघत होते, तो हात त्यांनी घड्याळावर ठेवलाच नाही. शेजारच्या एका जुन्या, गुळगुळीत उंचवट्यावर ठेवला.

"झाकलं, आत्या," बाई म्हणाल्या.

आजींची बोटं त्या दगडावरून फिरली. एकदा, दोनदा. ओघळाचं पाणी त्यांच्या मनगटावरून बांगड्यांत उतरत होतं.

"हे माजं सासरं हायेत," आजी म्हणाल्या. "त्यांचा पानाचा डबा. म्याच ठिवलाय, म्या वळकती."

मग आजींचा हात आपणहून बाजूला सरकला. जमीन चाचपत गेला आणि घड्याळावर थांबला. त्यांनी पट्ट्याची कडी बोटांनी मोजल्यासारखी केली. "आन् ह्यो माजा इलास."

बाई भिंतीला टेकल्या.

"लिंबाचं झाड म्या लावलंय कमल," आजी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "लिंबं कुठं जात्यात, मला कळत न्हाई व्हय? तू आलीस की घरभर वास येतो. डोळं गेलं माजं, नाक हाय जागच्या जागी."

"मग बोलला का नाहीत, आत्या?"

"काय बोलू? मला बी बरं वाटायचं. तू 'अजून न्हाई' म्हनलीस, की म्या म्हनायची, अजून हाय. अजून हितंच हाय माजं लेकरू." आजींना धाप लागली. मी पाठीला हात लावला, तो त्यांनी सारला. "पर आता मला जायाचंय. त्यो हितंच आडकून बसला, तर म्या तिथं कुनाकडं जाऊ? तिथं माजं कोन हाय दुसरं? तू सांग."

इतकी वर्षं वर्गात प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणाऱ्या बाईंनी पर्स उघडली, आतलं लिंबू काढलं आणि आजींच्या मुठीत ठेवलं. आजींनी ते नाकाशी नेलं आणि पदराला गाठ मारून बांधलं. मग दोघी सासूसुना तिथं एकमेकींना धरून रडल्या, मोठ्यानं, बाहेरच्या माणसांची पर्वा न करता. मीही रडले. झाकल्या गेलेल्या माणसांपाशी रडू नये म्हणतात. त्या दिवशी तो नियम आमच्यापैकी कुणालाच आठवला नाही.

आजी थंडी संपायच्या आत गेल्या, शांतपणे, सकाळी चहा मागून. त्यानंतर बाईंच्या पर्समध्ये लिंबू दिसलं नाही. शनिवारी त्या इतरांसारख्या एसटीनं सरळ घरी जायच्या. निगडे बाईंना गाडी लागायची थांबली, म्हणून स्टाफरूममध्ये त्यांचं अभिनंदनही झालं. दोन पावसाळे गेले. माझी भोरच्या शाळेत बदली ठरली तेव्हा बाईच मला म्हणाल्या, चला, वर जाऊन येऊ.

घड्याळ झाकलं गेलं होतं. तिथं आता एक लहानसा पांढरा उंचवटा होता, पट्ट्याच्या कड्यांची पुसट नक्षी तेवढी कळत होती. बाईंनी त्यावर हात ठेवला, क्षणभर, आणि उचलला. त्याच्या शेजारी आजींचा अडकित्ता होता. त्यावरही साय धरायला लागली होती, मोराचं डोकं अर्धं पांढरं झालं होतं. "पुढच्या पावसाळ्यात होईल," बाई म्हणाल्या. मला त्यांच्यासाठी बरं वाटलं. सुटल्या एकदाच्या, असं वाटलं. परत येताना त्यांनी मला नसरापूरला उसाचा रस पाजला आणि त्यांची छत्री माझ्याकडे किती दिवस होती याची आठवण करून दिली.

त्यालाही आता बरेच पावसाळे झाले. मध्यंतरी एका शनिवारी दुपारी मी नसरापूरच्या स्टँडवर भोरच्या गाडीची वाट बघत उभी होते. वेल्ह्याची एसटी येऊन लागली आणि शेवटच्या पायरीवरून निगडे बाई उतरल्या. अंबाडा पार पांढरा झालेला. साडी तीच तशी सुती. बुटांना लाल माती.

मला बघून त्या हसल्या आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. कशा आहात, तुमची नातवंडं काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. माझी गाडी फलाटाला लागली. मी चढले, खिडकीशी बसले, कपाळावरचे केस मागं सारायला हात वर नेला, आणि लिंबाचा वास आला. माझ्याच हाताला.

खाली बाई उभ्या होत्या. मला त्या डबा फोडून जमिनीत उतरलेल्या झाडाची आठवण झाली, ओघळाखालच्या त्या मोराच्या डोक्याची, त्या दोन खोल्यांची, आणि दर शनिवारी तिथं दार उघडून आत येणाऱ्या, जिला आता कुणीच काही विचारत नाही अशा बाईची. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तशी मी खिडकीतून वाकले आणि विचारलं, "झाकलं का हो?"

बाईंनी वर बघितलं. पर्स छातीशी धरली.

"अजून न्हाई," त्या म्हणाल्या.